१७० कट, १३ फायली: कापून झालेल्या फिल्ममध्ये रेकॉर्डरचा आवाज बसवताना

पुण्यातल्या एका कथक वर्गाचा कार्यक्रम. टिळक रोडच्या आसपासचं मध्यम आकाराचं सभागृह, तीन कॅमेरे आणि मिक्सरची लाइन घेणारा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. साथीला तबला, लहेऱ्याला (तालाचं आवर्तन दाखवत फिरत राहणारी सुरावट) हार्मोनियम, पढंतीला, म्हणजे बोल म्हणायला, वर्गाच्या ताई स्वतः, आणि पायांचा आवाज टिपायला रंगमंचाच्या कडेला दोन फ्लोअर माइक. कार्यक्रम ९५ मिनिटं चालला. त्यातून २२ मिनिटांची फिल्म करायची होती: नृत्याचे निवडक भाग आणि त्यांच्या अधेमधे ताईंची मुलाखत.

चित्रीकरण ऑक्टोबरात झालं आणि ध्वनिमुद्रक लगेच दिवाळी पहाटच्या कामांमध्ये अडकला. व्हिडिओ संकलकाकडे दुसऱ्या दिवशीच पोचला, रेकॉर्डरचा आवाज मात्र भाऊबीज उलटून गेल्यावर. मधल्या काळात संकलक मुलगी हातावर हात ठेवून बसली नाही. कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या माइकवर जो घुमट, टाळ्या-खोकल्यांनी भरलेला आवाज येतो, ज्याला आम्ही स्क्रॅच म्हणतो, त्यावरच तिने फिल्म कापली. ताईंनी पाहिली, दोन तोडे, म्हणजे बोलांचे छोटे बांधीव तुकडे, बदलायला सांगितले, पखवाजाच्या बोलांची एक परण वाढवायला सांगितली आणि कट मंजूर केला. रेकॉर्डरच्या फायली हाती आल्या तेव्हा टाइमलाइनवर १७० च्या आसपास कट होते.

माझा संबंध इथून सुरू होतो. तिचा फोन आला, "दादा, आवाज आलाय. पण कट लॉक आहे. आता सगळं पुन्हा कापायचं का?"

पुन्हा कापायचं नाही. पण मग काय करायचं, याची उत्तरं तीन-चार आहेत आणि त्यातली बहुतेक वरवर सोपी दिसतात. आधी सिंक करा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवा, मग कापा, हा क्रम कुठल्याही शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण आवाज उशिरा येणं ही रोजचीच गोष्ट आहे. एकाच कलाकाराच्या कार्यक्रमाला व्हिडिओवाला वेगळा, साउंडवाला वेगळा, आणि दोघांची पहिली भेट रंगमंचामागे चहाच्या कपावर. त्यामुळे शिवून झालेल्या ब्लाउजला नंतर अस्तर लावायची वेळ वारंवार येते.

संपूर्ण कार्यक्रम सलग दाखवायचा असता तर प्रश्नच नव्हता. कॅमेरे कितीही बदला, वेळ सलग असेल तर रेकॉर्डरचा एकच लांब ट्रॅक खाली पसरायचा, एका ठिकाणी जुळवायचा आणि स्क्रॅच बंद करायचा. इथे मात्र ९५ ची २२ मिनिटं झाली होती. आमद मध्यापासून, परण शेवटची, तत्कार, म्हणजे निव्वळ पायांचं काम, दोन ठिकाणांहून जोडलेला. सलग आवाज खाली पसरून काहीच जुळणार नव्हतं.

संकलकाने तोवर स्वतःचा एक मार्ग धरला होता. टाइमलाइनवरची एकेक क्लिप घ्यायची, तिच्या स्क्रॅचची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवायची, जुना आवाज काढून नवा ठेवायचा. पहिल्या वीस-पंचवीस क्लिपा अशा झाल्याही होत्या. त्यातल्या दोन चुकीच्या आवर्तनावर बसल्या होत्या. पाय बरोबर तालात पडत होते, पण बोल भलत्याच तुकड्याचे होते. सॉफ्टवेअरला यात दोष देता येत नाही. द्रुत तीनतालाच्या सोळा मात्रा चार-पाच सेकंदांत फिरून येतात, लहेरा तर मुद्दाम तोच तो वाजत असतो. तीन सेकंदांचा तुकडा दिला की त्याच्यासारखे दिसणारे डझनभर तुकडे त्या ९५ मिनिटांत सापडणारच. बोलण्याच्या फुटेजवर वेव्हफॉर्म सिंक जेवढं भरवशाचं असतं तेवढं ठेक्यावर नसतं, आणि क्लिप जितकी आखूड तितका भरवसा कमी. शिवाय १७० वेळा हाताने जुळवणं म्हणजे १७० वेळा चुकायची संधी.

दुसरा मार्ग ती आधीच शोधून बसली होती. ती प्रीमिअर प्रो वापरते. त्यात मर्ज क्लिप्स नावाची सोय आहे: एक व्हिडिओ आणि बाहेरचा आवाज निवडायचा, कशाच्या आधारे जुळवायचं ते सांगायचं, आणि दोघांची मिळून एक नवी क्लिप तयार होते. मग टाइमलाइनवरच्या जुन्या क्लिपवर रिप्लेस विथ क्लिप. कागदावर बिनचूक. अडचण अशी की बदली करताना नवी क्लिप कुठल्या फ्रेमपासून लागावी हे ठरवावं लागतं. नवी क्लिप नुसती ऑल्ट दाबून जुनीवर ओढली तर ती स्वतःच्या इन पॉइंटपासून, म्हणजे वापरायला निवडलेल्या पहिल्या फ्रेमपासून, लागते. शिफ्ट आणि ऑल्ट दोन्ही दाबून ओढली तर जुन्या क्लिपचा इन पॉइंट धरते. म्हणजे दुसरी रीत हवी. पण ती तेव्हाच खरी ठरते जेव्हा नवी क्लिप आणि जुनी क्लिप एकाच क्षणी सुरू होतात. रेकॉर्डर तर कॅमेऱ्याच्या आधीच सुरू केलेला असतो, तबला जुळवत असल्यापासून. मल्टिकॅमचा सोर्स सिक्वेन्स, म्हणजे सगळे कॅमेरे आणि आवाज जुळवून ठेवलेली एक टाइमलाइन, बनवला तर तो सगळ्यात आधी सुरू झालेल्या फाइलपासून मोजायला लागतो, आणि मग जुन्या क्लिपचा "सातव्या मिनिटाचा" इन पॉइंट नव्यात भलत्याच ठिकाणी जातो. सगळ्या क्लिपा सारख्याच अंतराने सरकतात, हे खरं. पण तेरा फायलींची तेरा अंतरं सांभाळत १७० ठिकाणी बदली करत बसायचं, हे मला पटेना. मर्ज केलेल्या क्लिपांची आणखी एक जुनी तक्रार आहे: पुढे साउंड मिक्सिंगला एएएफ (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे नेणारी फाइल) द्यायची वेळ आली की मूळ आवाजाच्या फाइलचं नाव आणि टाइमकोड, म्हणजे तिच्यावरचा वेळेचा शिक्का, यांचा धागा तुटतो. आवाजावर नंतर काम होणार असेल तर मी ही सोय टाळतो.

क्लिप नव्हे, फाइल

टाइमलाइनवर जी क्लिप दिसते ती व्हिडिओ नसतो, ती एक नोंद असते: अमुक फाइल, या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत. १७० नोंदी होत्या, पण त्या बोट दाखवत होत्या मोजक्याच फायलींकडे. जवळच्या कॅमेऱ्याने अर्ध्या तासाला एक अशा चार फायली केल्या होत्या. मागच्या कॅमेऱ्याचं कार्ड एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जाऊ देत नव्हतं. सेकंदाला ५० मेगाबिटच्या दराने ४ जीबी म्हणजे साडेअकरा मिनिटांच्या आत-बाहेर, म्हणून त्याच्या नऊ. एकूण तेरा. तिसरा कॅमेरा विंगेतला मोबाइल होता, त्याचं पुढे येईल.

मग जुळवणी या तेरा फायलींवर करायची, नोंदींना हात लावायचाच नाही. प्रत्येक फाइलची एक जुळी बनवायची, जिचं चित्र हुबेहूब तेच आणि आवाज रेकॉर्डरचा. प्रोजेक्टमध्ये मूळ क्लिपवर राइट क्लिक करून रिप्लेस फुटेज म्हटलं आणि जुळी फाइल दाखवली, की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या नोंदी आपोआप नव्या फाइलकडे वळतात. कट, फेड, रंगाचं काम, सगळं जागच्या जागी.

जुळी म्हणजे खरंच जुळी हवी. फ्रेमांची संख्या तीच, वेग तोच, म्हणजे इथे २५ फ्रेम. सुरुवातीचा टाइमकोड तोच. आणि आवाजाच्या चॅनेलांची रचना तीच, कारण मूळ फाइल स्टीरिओ असताना नवीत चार मोनो ट्रॅक घातले तर प्रीमिअर ती जोडायला नकार देतो. ध्वनिमुद्रकाने उत्साहाने आठही ट्रॅक पाठवले होते, पण जुळ्या फाइलमध्ये जायला हवं होतं फक्त स्टीरिओ मिक्स. आठ ट्रॅक त्याच्याचकडे राहू द्यायचे. याचा फायदा शेवटी कळला.

काम असं केलं. जवळच्या कॅमेऱ्याच्या चार फायली एका नव्या सिक्वेन्सवर एकापुढे एक ठेवल्या, खाली रेकॉर्डरचा मिक्स. लांबलचक आवाज असल्यामुळे वेव्हफॉर्म सिंकने या वेळी काही घोटाळा केला नाही. ९५ मिनिटांत टाळ्या आहेत, निवेदन आहे, ताईंचं खोकणं आहे, चुकीचं आवर्तन पकडायला वावच नाही. जुळल्यावर आवाज प्रत्येक फाइलच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत कापला आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढला. व्हिडिओ एक्सपोर्ट केला नाही. तो पुन्हा रेंडर करणं म्हणजे दर्जा घालवणं आणि रात्र घालवणं. त्याऐवजी एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या साधनाला सांगितलं की जुन्या फाइलमधलं चित्र जसंच्या तसं उचल, आवाज या वेव्हमधून घे आणि दोन्ही एमओव्हीत बांध. चित्र नुसतं नकललं जातं, त्यामुळे फाइल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो. एमओव्ही अशासाठी, की एमपी४ च्या डब्यात कच्चा, म्हणजे न दाबलेला, पीसीएम आवाज सगळीकडे धड चालतोच असं नाही. नव्या फाइलमध्ये टाइमकोड आला की नाही हे एकदा उघडून पाहावं. राहून गेला तर पुढे भोवतो.

मागच्या कॅमेऱ्याच्या नऊ फायलींचं तसंच. त्या स्वतंत्रपणे नऊदा जुळवायच्या नाहीत. एकापुढे एक ठेवून एकदाच जुळवायच्या, सांध्यांवर तबला अखंड वाजतोय ना ते ऐकायचं आणि मग नऊ तुकडे काढायचे.

तेरा वेळा रिप्लेस फुटेज केलं. टाइमलाइन हलली नाही. फक्त आवाज कुठे फाटत होता, कुठे ऐकूच येत नव्हता, कारण स्क्रॅचसाठी तिने जागोजागी व्हॉल्यूम वर-खाली केला होता आणि ते कीफ्रेम नव्या आवाजाला लागू झाले होते. सगळ्या क्लिपा निवडून रिमूव्ह अॅट्रिब्यूट्सने आवाजापुरतं झाडून काढलं.

हेच काम दाविंची रिझॉल्व्हमध्ये निघालं असतं तर मीडिया पूलमधलं ऑटो सिंक ऑडिओ जवळचं पडलं असतं. ते वेगळी क्लिप बनवत नाही, त्याच क्लिपला बाहेरचा आवाज जोडतं. तरी आधीच टाइमलाइनवर गेलेल्या क्लिपा आपोआप नवा आवाज उचलतील असं धरून चालू नये. त्यांच्या क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन आवाजाचा स्रोत बदलावा लागतो. जुळ्या फायलींची रीत मला आवडते ती यासाठी की ती कुठल्याच सॉफ्टवेअरची मिंधी नाही.

दोन फ्रेमांचं रहस्य आणि ४४.१ चा बळी

जुळवताना एक गोष्ट आधीच दिसली होती. सुरुवातीच्या समेवर जुळवलेला आवाज शेवटच्या तिहाईपर्यंत (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) जाता जाता दोन फ्रेमांनी मागे पडत होता. ध्वनिमुद्रकाचा रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर होता, कारण तो मुळात संगीताच्या मैफिली मुद्रित करणारा माणूस. व्हिडिओवाले ४८ वापरतात. लगेच ठपका त्याच्यावर. "दादा, त्याने सेटिंगच चुकवलंय."

हा ठपका इतक्या वेळा ऐकलाय की थोडा हिशेब मांडतो. ४४.१ ची फाइल कुणी चुकून ४८ समजून वाजवली तर ती जवळजवळ नऊ टक्के जास्त वेगाने पळते. ९५ मिनिटांचा कार्यक्रम ८७ मिनिटांत आटोपेल आणि ताईंचा आवाज पहिल्या वाक्यालाच लहान मुलीसारखा येईल. ते कळायला तिहाईपर्यंत थांबावं लागत नाही. फाइलवर दर नीट लिहिलेला असेल तर संकलनाचं सॉफ्टवेअर तो बदलून घेतं आणि लांबी तीच राहते.

दोन फ्रेमा आल्या घड्याळातून. प्रत्येक यंत्रात एक स्फटिक वेळ मोजतो आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. २५ फ्रेमांच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, दोन म्हणजे ८०. ५७०० सेकंदांत ८० मिलिसेकंद म्हणजे दहा लाखांत चौदा भाग. साध्या यंत्रांसाठी हा फरक अगदी नेहमीचा. मोठ्या शूटिंगला टाइमकोड आणि सामायिक घड्याळाचे डबे लावतात ते याचसाठी. आपल्या वर्गाच्या कार्यक्रमाला ते कोण लावणार? ध्वनिमुद्रकाने रीपर या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण मिक्स ८० मिलिसेकंदांनी आकसला. इतक्याशा फरकाने सुरात काही होत नाही. तुकडे काढले ते आकसलेल्या मिक्समधून.

ताईंना जे दिसलं

इथपर्यंतचं काम शहाणपणाचं होतं आणि मला वाटलं होतं की संपलं. ताईंनी फिल्म पाहिली, लॅपटॉपवर, वायरच्या हेडफोनवर. वायर मुद्दाम सांगतो. ब्लूटूथच्या स्पीकरवर कुणी सिंक तपासायला बसलं तर त्याचं काहीही ऐकू नये. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

"अगं, मागच्या कॅमेऱ्यात पाय आधी पडतोय. आवाज मागून येतोय. जवळच्यात बरोबर आहे."

"ताई, कच्च्या कटमध्येही असंच होतं, तेव्हा तुम्ही पास केलं होतं."

"तेव्हा घुंगरू ऐकूच येत नव्हते गं."

ताईंचं दोन्ही वेळा बरोबर होतं. घुमणाऱ्या स्क्रॅचमध्ये कुठल्याही आघाताला टोक नसतं, त्यामुळे तो नेमका कधी झाला हे कानाला सांगता येत नाही. फ्लोअर माइकवरचा पाय मात्र सुईसारखा टोकदार. आवाज स्वच्छ झाला की सिंकचे दोष उघडे पडतात, आणि ते नव्या आवाजाच्या माथी मारले जातात.

दोष कुठला हे ओळखायची एक साधी रीत आहे. सरकलेपणा सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त असेल तर घड्याळ. मध्येच उडी मारत असेल तर गळालेल्या फ्रेमा किंवा मोबाइलचा बदलता वेग. पहिल्या मिनिटाला जेवढा, शेवटच्या मिनिटालाही तेवढाच असेल तर बहुतेक वेळा कारण जुळवणीत असतं किंवा जागेत. इथे मागच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिपांत सारखाच होता. समेवर थांबून फ्रेम-फ्रेम पुढे गेलं की जवळच्या कॅमेऱ्यात टाच जमिनीला टेकते त्याच फ्रेममध्ये वेव्हफॉर्मचं टोक. मागच्यात टाच टेकते, आणि टोक पुढच्या फ्रेममध्ये.

कारण सभागृहात होतं. जवळचा कॅमेरा रंगमंचापासून ४ मीटरवर, मागचा शेवटच्या रांगेमागे १८ मीटरवर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४ मीटरला १२ मिलिसेकंद, १८ मीटरला ५२. प्रकाशाला यातलं काहीच लागत नाही. म्हणजे मागच्या कॅमेऱ्याने टाच टेकताना पाहिली आणि तिचा आवाज ५२ मिलिसेकंद उशिरा ऐकला. त्याचा स्क्रॅच स्वतःच्या चित्राशीच सिंकमध्ये नव्हता.

वेव्हफॉर्म सिंक चित्राकडे बघत नाही. ते आवाजाला आवाजाशी जुळवतं. रेकॉर्डरचा आवाज मागच्या कॅमेऱ्याच्या उशिरा पोचलेल्या आवाजाला नेमका चिकटवला गेला, आणि चित्र राहिलं पुढे. तीन कॅमेरे एकमेकांशी जुळवतानाही मुलीने वेव्हफॉर्मच वापरली होती, म्हणून मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जवळच्यापेक्षा एक फ्रेम पुढे पळत होतं. १४ मीटरचा फरक, ४१ मिलिसेकंद, एक फ्रेम. कुठल्याही कटवर तबला तुटत नव्हता, त्यामुळे ऐकून कुणाला शंका आली नसती.

एका फ्रेमचा एवढा बाऊ का, असं कुणी म्हणेल. दूरचित्रवाणीसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी शिफारस आहे, बीटी १३५९, तिच्यानुसार आवाज चित्राच्या पुढे असेल तर ४५ मिलिसेकंदांना लोकांच्या लक्षात येतो, आणि मागे असेल तर १२५ ला. मागून येणारा आवाज आपल्याला खपतो, कारण दूरच्या माणसाचा आवाज रोजच उशिरा येतो. बातम्या वाचणाऱ्यासाठी ५२ मिलिसेकंद कुणी मोजणारही नाही. पण तत्कार चौपटीत गेला की सेकंदाला आठ आघात सहज होतात, दोन आघातांत १२५ मिलिसेकंद. ५२ म्हणजे जवळजवळ अर्धी वाट. पाय आणि आवाज एकमेकांच्या मधोमध पडायला लागतात. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही कथकची संस्था काढली तेव्हापासून या शहराने कथकच्या किती पिढ्या घडवल्या. इथे समेवरचा पाय बघणारे डोळे प्रेक्षागृहात शेकड्यांनी असतात. अशा फिल्मला आयटीयूची मोजपट्टी पुरत नाही.

दुरुस्ती दोन ठिकाणी करता येत होती. झटपट रीत म्हणजे टाइमलाइनवर मागच्या कॅमेऱ्याचं फक्त चित्र एक फ्रेम सरकवायचं. मी नको म्हटलं. मग प्रत्येक क्लिपवर सिंक सुटल्याचा लाल आकडा दिसत राहतो, आणि उद्या त्या कॅमेऱ्याची नवी क्लिप घेतली की चूक पुन्हा हजर. चूक फाइलमध्ये आहे, तर फाइलमध्येच दुरुस्त व्हावी. नऊ फायलींचा आवाज ४० मिलिसेकंद आधी आणून, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या हिशेबात बरोबर १९२० सॅम्पल, त्या पुन्हा बांधल्या. मोजलेले ४१ नव्हे, ४०: पूर्ण फ्रेमएवढंच सरकवलं की दोन कॅमेऱ्यांच्या कटवर आवाज सॅम्पलला सॅम्पल भिडतो. उरलेला एक मिलिसेकंद आणि जवळच्या कॅमेऱ्याचे १२ तसेच सोडले. इतका उशीर पहिल्या रांगेतल्या माणसालाही असतो.

आता मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळले, पण दोघंही मिळून जवळच्या कॅमेऱ्याच्या एक फ्रेम पुढे. तिने त्या कॅमेऱ्याच्या क्लिपांना आधीच हिरवा रंग दिलेला होता, म्हणून एका लेबलच्या सगळ्या क्लिपा एकदम निवडता आल्या, आणि स्लिपने, म्हणजे टाइमलाइनवरची जागा न हलवता क्लिपच्या आतला भाग सरकवून, सगळ्या एक फ्रेम मागे. एक क्लिप अडली. ती फाइलच्या अगदी पहिल्या फ्रेमपासून सुरू होत होती, मागे सरकायला फ्रेमच नव्हती. तिथे आधीच्या कॅमेऱ्याचा शॉट एका फ्रेमने लांबवला.

लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घेतले की क्लॅप का वाजवतात. पाटी मिटताना दिसते आणि तिचा आवाज मुद्रित होतो, दोन्ही एकाच क्षणी. इथे पाटी कुणी वाजवली नव्हती. तिच्या जागी समेवरची टाच वापरली आणि ती पाटीइतकीच चांगली निघाली, अट एवढीच की आवाज फ्लोअर माइकचा बघायचा आणि टाच डोळ्यांनी.

उरलेलं

मोबाइलच्या सहा क्लिपा टाइमलाइनवर होत्या. मोबाइल गरजेप्रमाणे फ्रेमांचा वेग बदलत राहतो, त्यामुळे त्याची जुळी फाइल बनवायच्या भानगडीत पडलो नाही. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून त्या एकसमान २५ फ्रेमांवर आणल्या, आवाज काढून टाकला आणि हाताने बसवल्या. खाली जवळच्या कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवला. सहांसाठी हाताने काम करण्यात काही कमीपणा नाही.

मिक्सरच्या लाइनीत प्रेक्षक नव्हते. तिहाईनंतरची दाद नसेल तर नाच तालमीतला वाटतो. मागच्या कॅमेऱ्याचा स्क्रॅच त्यासाठी ध्वनिमुद्रकाने मिक्समध्ये अगदी हळू मिसळला. तो ५२ मिलिसेकंद उशिरा आहे हे इथे पथ्यावर पडलं, सभागृहाचा घुमारा म्हणून बसून गेला.

मिक्स त्यानंतर तीनदा बदलला. आधी पढंत पुढे हवी होती, मग घुंगरू, मग लहेरा थोडा मागे. दर वेळी ध्वनिमुद्रकाने आठ ट्रॅकांवर काम करून त्याच लांबीचा नवा स्टीरिओ मिक्स पाठवला. दर वेळी त्याचे तेरा तुकडे, त्याच नावाच्या तेरा फायली, जुन्यांच्या जागी. प्रोजेक्ट बंद करून उघडला की नवा मिक्स फिल्मभर हजर, संकलकाने एकाही कटला हात न लावता. मूळ कॅमेऱ्याच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये अस्पर्श ठेवल्या होत्या. जुळ्या फायलींमुळे डिस्कवर दुप्पट जागा गेली, ती जाऊ द्यावी.

तिसऱ्या मिक्सनंतर ताईंचा निरोप आला तो आवाजाबद्दल नव्हता. मुलाखतीत त्यांच्या गुरूंचा उल्लेख येतो तिथे पडद्यावर नावाची पाटी हवी होती.